बसलेला बर्फ

“बर्फ कैसी है, बाबूजी?”

डोलेरामनं विचारलं तेव्हा मी हातात पाण्याची बाटली घेऊन, मान खाली घालून, तंबूच्या मागच्या अंगानं गुपचूप आत शिरायच्या बेतात होतो. नुकतं उजाडलं होतं. डोलेराम, आमचा वाटाड्या, दगडांच्या आडोशाला स्टोव्हपाशी उकिडवा बसला होता. त्याच्या डोळ्यांवर कुमुदताईंनी ओल्या फडक्याची पट्टी बांधली होती, तरी पावलं कुणाची ते त्याला बरोबर कळलं.

“आप दूर तक गए थे ना?”

दूर गेलो होतो हे खरं होतं. रोज सकाळी सगळ्यांत दूर मीच जायचो. बाकीचे पन्नास पावलांवरच्या खडकाआड उरकून यायचे. मला मात्र कुणाची चाहूल लागेल या धास्तीनं थेट डोंगराची धार ओलांडून पलीकडे जावं लागायचं. तिथून पुढे तो मोठा पांढरा उतार सुरू होत होता, जो आडवा कापून आम्हाला त्या दिवशी खिंडीत चढायचं होतं.

मी जरा विचार करून, नीट जुळवून म्हणालो, “बर्फ बैठ गई।”

‘गया’ नाही, ‘गई’. मराठीत बर्फ पुल्लिंगी, हिंदीत स्त्रीलिंगी. आठवडाभर माझं हेच चुकत होतं आणि दर वेळी इक्बाल हसत होता. या वेळी चुकलं नाही याचा मला, खोटं कशाला सांगू, आनंद झाला.

“बैठ गई?” डोलेरामचा चेहरा उजळला. “पक्का?”

“पक्का।”

“अप्पा साब,” त्यानं तंबूकडे तोंड करून हाक मारली, “उठो। बर्फ बैठ गई। चाय पियो और चलो।”

तंबूत एकदम हालचाल झाली. अप्पा धायगुडे कानटोपी घालत बाहेर आले. आमच्या साताऱ्यातल्या मंडळाचे ते म्होरके. हायस्कुलात व्यायामाचे शिक्षक, वय अठ्ठेचाळीस, आवाज मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारा. त्यांनी माझ्या पाठीवर अशी थाप मारली की बाटली खाली पडली.

“पंडित, तोंडात साखर पडो तुझ्या. आयुष्यात पहिल्यांदा चांगली बातमी आणलीस.”

मी हसलो. चांगली कशी, ते मला कळलं नव्हतं.

हे चौऱ्याऐंशी सालच्या मे महिन्यातलं. आम्ही चौघं होतो. अप्पा, सिव्हिल हॉस्पिटलात परिचारिका असलेल्या कुमुद ताम्हणकर, फोटो स्टुडिओवाला इक्बाल तांबोळी आणि मी, केळुसकर, एका छापखान्यातला मुद्रितशोधक. दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात दिवस गेल्यामुळे माणसाला स्वतःच्याही फार दिसू लागतात. त्यामुळे मी बोलायचो कमी, वाचायचो जास्त. म्हणून सगळे मला पंडित म्हणायचे. ते कौतुक नव्हतं.

कुलूच्या वरच्या अंगाला, झाडं संपतात तिथं आम्ही चार दिवस अडकलो होतो. दोन दिवस नुसता बर्फ पडला. तिसऱ्या दिवशी ऊन आलं ते इतकं लख्ख की अप्पांचा काळा चष्मा ओढ्यात पडला म्हणून डोलेरामनं स्वतःचा त्यांना दिला आणि संध्याकाळपर्यंत त्याचेच डोळे सुजून बंद झाले. पन्नाशीचा, शब्द मोजून वापरणारा माणूस. “मेरी आँख को आदत है,” एवढंच म्हणाला होता. चौथा दिवस त्यानं आम्हाला हलू दिलं नाही. आता शिधा दोन दिवसांचा उरला होता. खिंडीपलीकडे त्याचं गाव होतं, एका दिवसाच्या अंतरावर. मागे फिरायचं तर तीन दिवस अर्धपोटी चालायचं. दोन वर्षांपूर्वी अप्पा असेच एका खिंडीखालून ताप आला म्हणून परतले होते. ती हार त्यांनी मनाला लावून घेतली होती. या खेपेला त्यांनी पाठपिशवीत साताऱ्याहून एक नारळ आणला होता, धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला. खिंडीत फोडायला. रेल्वेत, बसमध्ये, तंबूत तो नारळ त्यांच्या उशापाशी असायचा.

“आज फुटणार बघ,” चहा घेताना त्यांनी नारळ कानाशी धरून हलवला. “पाणी अजून वाजतंय.”

“तो नारळ आपल्यापेक्षा जास्त फिरलाय अप्पा,” इक्बाल म्हणाला. “त्याचाच सत्कार करा खिंडीत.”

मी चहाचा पेला हातात धरून उभा होतो आणि पहाटे काय झालं ते पुन्हा पुन्हा आठवत होतो.

झालं होतं ते असं. धारेपलीकडे गेलो, जागा शोधत चार पावलं पुढे टाकली. आदल्या रात्री आभाळ भरलेलं होतं, थंडी नेहमीइतकी नव्हती. पायाखाली वरचा बर्फ पावासारखा मऊ लागला. आणि एकदम आवाज झाला. मोठा नाही. धप्प. जड आणि दबका, जमिनीच्या आतून आल्यासारखा. मी उभा होतो ती सगळी जागा, माझ्यासकट, बोटभर खाली बसली. बुटाच्या पुढून एक बारीक रेघ निघाली आणि शिवणीचा दोरा ओढावा तशी सरसर उताराकडे पळत गेली, दहा-बारा हात. मग सगळं पुन्हा शांत. ज्या कामाला आलो होतो ते न करताच मी परत फिरलो.

आपल्याकडे जमीन बसते, भिंत बसते, घसा बसतो. घसा बसला याला हिंदीत ‘गला बैठ गया’ म्हणतात हे मला ठाऊक होतं. म्हणून मी म्हणालो, बर्फ बैठ गई. माझ्या मते मी वाईट बातमी सांगितली होती. आणि हे लोक बुटाच्या नाड्या बांधत होते.

मग वाटलं, आपल्याला काय कळतं? डोंगर डोलेरामचा आहे. बर्फ असा बसणं हे इकडे शुभ असेल. माझी अक्कल पुस्तकातली, तीही दुसऱ्यांची.

शिवाय विंचू होता.

विंचवाचं सांगायला हवं. दोन वर्षांपूर्वी वासोट्याच्या वाटेवर मी ‘विंचू, विंचू’ म्हणून वीस जणांना अर्धा तास एका पायावर उभं केलं होतं. अप्पांनी शेवटी काठीनं उलटून बघितला तर करवंदीची वाळकी काडी निघाली. तेव्हापासून मंडळात कुणीही उगाच घाबरलं की ‘पंडितांचा विंचू’ म्हणायचे. वार्षिक अहवालातही ते आलं. त्या अहवालाची मुद्रितं मीच तपासली होती आणि त्या वाक्यात एक स्वल्पविराम घातला होता.

तर मी काही बोललो नाही. तंबू आवरला. निघालो.

पुढे अप्पा, त्यांच्या पाठपिशवीचा पट्टा धरून डोलेराम, मग इक्बाल, मग कुमुदताई आणि शेवटी मी. डोलेरामनं पट्टी कपाळावर सरकवली होती, पण डोळ्यांच्या नुसत्या चिरा झाल्या होत्या आणि त्यांतून सारखं पाणी गळत होतं. तंबूपासून धारेपर्यंतची वाट सावलीतली, तिथला बर्फ जुना आणि टणक. डोलेराम मधूनमधून काठी आपटायचा, टक्क आवाज यायचा, मान डोलवायचा.

धार पाऊणशे पावलांवर राहिली तेव्हा मी कुमुदताईंना गाठलं.

“कुमुदताई, एक विचारू?”

“विचारा की. परवानगी कशाला?”

“बर्फ बसला म्हणजे चांगलं असतं का हो?”

त्यांनी वळून बघितलं. “परवा संध्याकाळी डोलेरामजी तेच तर सांगत होते. नवा बर्फ पडला की तो आधी बसू द्यायचा. बसला म्हणजे खालच्याशी धरून घट्ट झाला. मग चालायचं. तुम्ही कुठं होतात?”

“तंबूत.”

“वाचत असाल.”

वाचत होतो. काय वाचत होतो ते आता आठवतही नाही.

“केळुसकर, काय झालं? चेहरा का असा?”

“काही नाही,” मी म्हणालो.

पुढच्या पाऊणशे पावलांत मी चार वेळा ‘अप्पा’ म्हणायला तोंड उघडलं. दोनदा आवाज निघाला नाही. एकदा निघाला तो वाऱ्यावर गेला. चौथ्यांदा अप्पांना ऐकू आला.

“काय रे पंडित?”

सगळे थांबले. चौघांची तोंडं माझ्याकडे. अप्पांनी पाठपिशवीतून नारळ वर काढून ठेवला होता, हाताशी यावा म्हणून, आणि ते फडकं पांढरंशुभ्र दिसत होतं.

“काही नाही. चला.”

“मग हाक कशाला मारतोस? देवाला मार.”

धारेवर पोचलो. माझी पावलं तिथं अजून दिसत होती, जाताना सावकाश, येताना लांब लांब. पुढे उतार पसरला होता, गुळगुळीत, साईसारखा, वर खडकांपर्यंत आणि खाली दिसेनासा होईपर्यंत. सूर्य नुकताच त्याच्या वरच्या काठाला लागला होता. अप्पांनी बूट आपटून झाडले, काठी पुढे रोवली.

मी खाली बसलो.

ठरवून नाही. पण बसल्यावर उठायचं नाही हे मात्र मी ठरवलं. बोलता येत नसलं तरी बसता येत होतं.

“पंडित बसला,” इक्बाल म्हणाला.

अप्पा चार पावलं मागे आले. “दमलास? आता? अरे, अजून सुरुवात व्हायचीय.”

“दमलो नाही.”

“मग?”

“मी येत नाही. तुम्हीही जाऊ नका.”

“का?”

मला ते नीट सांगायचं होतं. डोक्यात सगळं वाक्य तयार होतं, विरामचिन्हांसकट. बाहेर आलं ते एवढंच, “बर्फ बसला तसा नाही बसला.”

अप्पा माझ्यासमोर वाकले. मग हळू आवाजात, जे ते कधी बोलत नसत, म्हणाले, “दत्ता, भीती वाटत असेल तर सांग. कुणी हसणार नाही. पण हा तुझा विंचू असेल, तर आज नको. आज खरंच नको.”

त्यांनी मला नावानं हाक मारली होती. त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

मी डोलेरामकडे वळलो. “डोलेरामजी, सुबह मैं यहाँ आया था। बर्फ बैठ गई।”

“हाँ बाबूजी। अच्छा है।”

“अच्छा नहीं।” मला ‘खचला’ला हिंदी शब्द सापडेना. ‘दबला’ला सापडेना. तेव्हा मी उठलो, गुडघे वाकवले, आणि पाठीवरच्या ओझ्यासकट दाणकन खाली बसलो. “ऐसे। मेरे साथ। आवाज करके।”

इक्बाल हसू लागला. कुमुदताईंनी त्याच्या दंडाला धरलं.

डोलेराम हसला नाही. त्यानं मान तिरकी केली. “आवाज़? कैसी आवाज़?”

मी तोंडानं काढून बघितला. जमला नाही. दुसऱ्यांदा काढला, तोही कबुतरासारखा झाला. मग मला आमच्या आळीतला गोठा आठवला. लहानपणी भिंतीपलीकडे शेजाऱ्यांची म्हैस दुपारची बसायची, तेव्हा पुस्तक वाचता वाचता अंगाखालची जमीन हलायची.

“जैसे भैंस बैठती है,” मी म्हणालो. “दीवार के उस तरफ।”

डोलेरामनं अप्पांच्या पिशवीचा पट्टा सोडला.

“दरार?”

“हाँ। इधर से उधर गई। लंबी।”

“किधर?”

मी त्याचा हात धरून नेला. रेघ अजून होती. उजेडात ती अधिकच बारीक दिसत होती, वहीतल्या ओळीसारखी. तो गुडघ्यांवर बसला, हातमोजा काढून तिच्यावरून बोटं फिरवत गेला, काठी उलटी धरून सावकाश दाबली. काठी वीतभर अडखळत गेली आणि मग एकदम मुठीपर्यंत आत. त्यानं ती तशीच सोडून हात काढला.

“बाबूजी,” तो म्हणाला, “ये बैठी नहीं है। ये टूटी है। ऊपर वाली नीचे वाली को छोड़ चुकी है।” मग अप्पांच्या दिशेनं, पण जरा चुकूनच, तोंड करून, “साब, वापस। आते समय के निशान पर पैर रखना। एक-एक करके।”

“डोलेराम,” अप्पा म्हणाले, “पक्का?”

“मैं नहीं जाता साब। आपको भी नहीं जाने देता।”

आम्ही परत फिरलो. धारेच्या अलीकडे एक मोठा सपाट खडक होता, तिथून सगळा उतार दिसायचा आणि तिथपर्यंत काही येणार नाही असं डोलेराम म्हणाला. तिथं स्टोव्ह लावला. अप्पा उताराकडे तोंड करून, नारळ मांडीवर घेऊन बसले होते.

“दुपारपर्यंत बसू,” शेवटी ते म्हणाले. “बघू काय होतंय.”

बसलो. नऊ वाजले, दहा वाजले. ऊन उतारावर खाली खाली सरकलं. वरच्या खडकांवरून लिंबाएवढे गोळे सुटायचे, घरंगळत येताना संत्र्याएवढे व्हायचे आणि मध्येच थांबायचे. दर गोळ्याला मी अर्धवट उठायचो. आणि सांगायला लाज वाटते, पण मी मनातल्या मनात म्हणत होतो, पड. एकदाचा पड. उतारावर कुणी नव्हतं, आम्ही सगळे सुखरूप होतो, चहा पीत होतो, आणि मी डोंगर कोसळावा म्हणून प्रार्थना करत होतो. नाही पडला तर विंचवाला आता भावंड मिळणार होतं.

अकरा वाजले. बारा वाजले. इक्बालनं कॅमेरा तयार ठेवला होता, तो पेटीत घातला.

साडेबाराला डोलेराम उठला. “अब नीचे चलना चाहिए।”

“गिरी नहीं,” मी त्याला म्हणालो.

“नहीं गिरी।”

“कभी कभी... नहीं गिरती?”

“कभी नहीं गिरती,” तो म्हणाला आणि ग्लासात उरलेला चहा बर्फावर ओतला. “कभी शाम को गिरती है। कभी उसके ऊपर से बकरियाँ निकल जाती हैं और आदमी रह जाता है। पूछने कौन जाए?”

अप्पा उभे राहिले. नारळाचं फडकं सोडलं, ते नीट घडी करून खिशात ठेवलं. मला वाटलं आता हा नारळ ते उतारावर भिरकावणार. त्यांनी तो खडकाच्या कडेवर आपटला. एका फटक्यात दोन भकलं झाली. थोडं पाणी उडालं, उरलेलं त्यांनी करवंटीत धरून डोलेरामच्या ओठांशी नेलं.

“अप्पा, तो खिंडीत फोडायचा होता,” कुमुदताई म्हणाल्या.

“आपण जिथवर आलो ती खिंड,” अप्पा म्हणाले. त्यांनी चाकूनं खोबऱ्याचा तुकडा काढला आणि पहिला माझ्या हातावर ठेवला. माझ्याकडे न बघता. “खा. तीन दिवस चालायचंय.”

ते खोबरं किंचित खवट झालं होतं. तेवढं गोड खोबरं मी पुन्हा खाल्लं नाही.

तीन दिवस चाललो, शेवटच्या दिवशी गूळ-दाण्यांवर. साताऱ्याच्या स्टँडवर मंडळाची दहा-बारा माणसं हार घेऊन आली होती. कुणीतरी विचारलंच, “काय अप्पा, झाली का खिंड?”

मी पिशव्यांमागे सरकलो. आता विंचू निघणार हे ठरलेलं होतं.

“कसली खिंड,” अप्पा मैदानी आवाजात म्हणाले. “पंडितनं अडवलं म्हणून उभे आहोत तुमच्यापुढे. आम्ही मागे फिरलो आणि तासाभरात अर्धा डोंगर खाली आला. असा आवाज आयुष्यात ऐकला नाही.”

मी त्यांच्याकडे बघितलं. ते हार घालून घ्यायला मान वाकवत होते. इक्बालनं तोंड उघडलं, कुमुदताईंनी त्याच्या पायावर पाय दिला. तो म्हणाला, “फोटो काढणार होतो, पण रीळ संपलं होतं.”

आज एक्केचाळीस वर्षं झाली. तो बर्फ मंडळात दर वर्षी पडतो. आधी अर्धा डोंगर होता, मग पाऊण झाला, मध्यंतरी त्यात देवदाराची झाडंही आली, जिथं देवदार उगवत नाही अशा उंचीवर. वार्षिक अहवालाची मुद्रितं माझ्याकडेच येत राहिली. ऱ्हस्वदीर्घ सुधारलं, तारखा सुधारल्या, त्या वाक्याला कधी हात लावला नाही. विंचू मात्र कुणाच्या तोंडून पुन्हा ऐकला नाही.

गेल्या डिसेंबरात मंडळाच्या वर्धापनदिनाला अप्पांनी तो बर्फ पुन्हा पाडला. वय एकोणनव्वद, आवाज मैदानाच्या निम्म्यापर्यंत. नव्या मुलांमधली एक मुलगी, हिमालयात जायच्या तयारीतली, माझ्याकडे वळून म्हणाली, “काका, तुम्ही तर सगळ्यांत जवळ होतात. आवाज कसा होता?”

“म्हैस बसल्यासारखा,” मी म्हणालो. “तसा ऐकू आला तर मागे फिरायचं. पुढे पडतो की नाही ते बघत बसायचं नाही.”

तिनं ते वहीत लिहून घेतलं.

कार्यक्रम संपल्यावर मी अप्पांना धरून पायऱ्या उतरवल्या. रिक्षात बसवलं, काठी आत ठेवली, शाल गुडघ्यांवर घातली.

“बसलात का नीट?” मी विचारलं.

“बसलो,” अप्पा म्हणाले. मग मिस्कील डोळ्यांनी माझ्याकडे बघितलं. “पण हा कसा बसलो म्हणायचं, पंडित? घट्ट, की मोडलो?”

मी शालीचं टोक त्यांच्या पायाखाली खोचलं.

“घट्ट,” मी म्हणालो.